अल्बिनो साप पिवळा कसा? पाळीव सापांचे रंग समजून घेताना

गेल्या वर्षी पावसाळ्यात, प्रॅक्टिकल संपल्यावर एक विद्यार्थी मागे रेंगाळला. मोबाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, हा अल्बिनो बॉल पायथन आहे म्हणतात. पण अल्बिनो म्हणजे पांढराफटक ना? मग हा हळद फासल्यासारखा पिवळा कसा?"

त्याला उत्तर द्यायला बसले आणि संध्याकाळ झाली. पाळीव सापांच्या रंगांचं निम्मं शास्त्र त्या एका प्रश्नात होतं. उरलेलं निम्मं त्याच्या पुढच्या प्रश्नात निघालं: "घेऊ का?" अशी मुलं आणि त्यांचे काळजीत पडलेले आईवडील आता वरचेवर भेटतात. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि पुण्यात कोथरूडच्या घरात दोन कॉर्न स्नेक सांभाळते, म्हणून त्या संध्याकाळी बोललेलं सगळं नीट लिहून काढते आहे. 'बनाना', 'स्नो', 'बंबलबी' ही सापांच्या जातींची नावं नाहीत. आईबापांकडून काय काय आलंय, ते सांगणारी ती नावं आहेत, आणि त्यांतल्या काही नावांत आजारही दडलेला असतो. नाव वाचता येत नसेल तर साप घरी आणू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

पायरी १: आधी कायदा, मग रंग

नाग, धामण, तस्कर, मांडूळ, अजगर असे आपल्या मातीतले साप पकडून घरात ठेवायला १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम परवानगी देत नाही. कुणी 'पांढरी धामण' किंवा 'पिवळा अजगर' विकायला आणला, तरी तो आपल्याकडचाच साप आहे. रंग बदलला म्हणून कायदा बदलत नाही. आणि रानात अल्बिनो नाग दिसला तर त्याचं विष साध्या नागाइतकंच असतं. लांब उभं राहा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाला फोन करा.

हा लेख परदेशी जातींबद्दल आहे, मुख्यतः दोन. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानखुरा अजगर. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, सडपातळ. सगळे पायथन आणि बोआ 'साइट्स' या, वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात. आपल्या कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि अशा प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. पिल्लं झाली, साप मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. तरी तो कुठून आला याचे कागद मागाच, आणि पैसे देण्याआधी वनविभागात एकदा प्रत्यक्ष विचारून या.

पायरी २: 'नॉर्मल' डोळ्यांत भरून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. इंटरनेटवर आधी चित्रविचित्र रंग पाहतात, आणि मुळात साप कसा दिसतो हेच त्यांना माहीत नसतं. बदल कशात झालाय हे कळायला मूळ रूप माहीत हवं.

एखाद्या सकाळी, बुधवार सोडून, कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जा आणि सर्पोद्यानात तास-दोन तास काढा. अजगरासमोर उभं राहून रंगांची नावं मनात म्हणा: तपकिरी डाग, त्यांची गडद कड, मधली फिकट पिवळसर जमीन. ऊन तिरपं पडलं तर अंगावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसेल. ती झाक कोणत्याही रंगद्रव्याची नसते. खवल्यांच्या पृष्ठभागाची अतिसूक्ष्म रचना प्रकाश फोडते, त्यातून ती येते. हे पाहून आलात की पुढचं वाचायला सोपं जाईल.

रानातला बॉल पायथन गडद तपकिरी-काळा असतो आणि अंगावर मातकट सोनेरी ठिपके असतात. कॉर्न स्नेकची पाठ नारिंगी, तिच्यावर काळ्या किनारीचे तांबडे डाग, आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. या दोन रूपांना पाळणारे 'नॉर्मल' म्हणतात. बाकीचं सगळं यात काय कमी झालं, काय वाढलं, याचा हिशेब आहे.

पायरी ३: रंग येतो कुठून?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. माणसाच्या आणि उंदराच्या त्वचेत रंग देणारं मुख्य द्रव्य मेलॅनिन. ते गेलं की गोरेपणा किंवा पांढरेपणा उरतो. सापाच्या त्वचेत मात्र वेगवेगळ्या रंगांच्या वेगवेगळ्या पेशी थरांनी बसलेल्या असतात. काळा-तपकिरी रंग देणाऱ्या पेशी खाली, पिवळा-लाल देणाऱ्या वर, आणि यांच्यामध्ये तिसऱ्या प्रकारच्या पेशी, ज्यांच्यात रंग नसतोच. त्यांच्यात ग्वानिनसारख्या द्रव्याचे स्फटिक असतात आणि ते आरशासारखा प्रकाश परतवतात. निळसर छटा बहुतेक या स्फटिकांमुळे दिसते.

हिरवा साप हिरवा का दिसतो? निळ्या झाकेवर पिवळ्या द्रव्याचा थर आहे म्हणून. जुन्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत बरणीतला हिरवा साप कालांतराने निळा पडलेला दिसतो, कारण पिवळं द्रव्य विरघळून जातं आणि स्फटिक तिथेच राहतात. माझ्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा इतर कशानेही इतका पटकन पटत नाही.

म्हणजे अल्बिनो सापात फक्त मेलॅनिन बनत नाही. पिवळं आणि लाल शाबूत असतं. बॉल पायथनमधून काळं काढा: पिवळा आणि पांढरा उरतो, डोळे लाल दिसतात, कारण मागच्या रक्तवाहिन्या झाकणारं काळं द्रव्यही गेलेलं असतं. कॉर्न स्नेकमधून काळं काढा: तांबडा-नारिंगी उरतो. कॉर्नच्या बाबतीत पाळणारे 'अल्बिनो'ऐवजी 'अमेल' म्हणतात, मेलॅनिन नसलेला. मला हे नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

याच्या उलट, लाल काढा आणि काळं ठेवा: राखी-काळा 'अनेरी' कॉर्न मिळतो. बॉल पायथनमधून पिवळं काढलं की 'अ‍ॅक्झँथिक', जुन्या कृष्णधवल छायाचित्रासारखा. 'ल्यूसिस्टिक' सापात रंगाच्या पेशीच त्वचेत नीट तयार होत नाहीत. तो खराखुरा पांढरा असतो, पण डोळे निळे किंवा काळे असतात. पांढरा साप दिसला तर पहिल्यांदा डोळे पाहा. 'पायबॉल्ड' म्हणजे अंगाचा काही भाग रंगीत आणि मधूनमधून कोरे पांढरे पट्टे. रंगपेशींच्या वाढीशी संबंधित टीएफईसी या जनुकातल्या बिघाडाशी त्याचा संबंध असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

यातल्या काही शोधांची कहाणी मला फार आवडते. अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात विद्यार्थ्यांनी साप पाळणाऱ्यांकडून टाकलेल्या काती गोळा केल्या आणि त्यांतून डीएनए काढला. बॉल पायथनमधला साधा अल्बिनो टीवायआर या जनुकातल्या बिघाडामुळे होतो, आणि 'लॅव्हेंडर अल्बिनो' ओसीए-२ या वेगळ्याच जनुकामुळे, हे त्यातून २०२२ मध्ये पुढे आलं. सापाला हात न लावता, त्याने टाकून दिलेल्या कातीवर! कॉर्न स्नेकमधल्या अमेलचं कारण त्याआधी, २०१५ मध्ये, जिनिव्हाच्या संशोधकांनी शोधलं होतं. तिथे ओसीए-२ जनुकात डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा घुसून बसला आहे.

पायरी ४: दोन प्रती, आणि 'हेट' म्हणजे काय

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. नववीच्या विज्ञानात मेंडेलचे वाटाणे शिकलात, तेच इथे. नवीन काही नाही, फक्त वाटाण्याच्या जागी साप.

अल्बिनो हा गुण अप्रभावी. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत पुरेसं मेलॅनिन बनवते, साप नॉर्मलच दिसतो. पण ती बिघडलेली प्रत तो पुढे देऊ शकतो. अशा सापाला पुस्तकात विषमयुग्मी म्हणतात, पाळणारे 'हेट' म्हणतात: 'हेट अल्बिनो'. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच साप अल्बिनो दिसतो. पाळणारे त्याला 'व्हिज्युअल' म्हणतात.

दुसरा प्रकार समजायला परसातली गुलबक्षी आठवा. लाल फुलाची आणि पांढऱ्या फुलाची गुलबक्षी एकत्र केली की पुढच्या पिढीत गुलाबी फुलं येतात. एका प्रतीचा थोडा परिणाम, दोन प्रतींचा पूर्ण. बॉल पायथनमधला 'पास्टल' असाच: एक प्रत असली की पिवळा उजळतो, दोन असल्या की 'सुपर पास्टल', आणखी उजळ आणि फिकट. 'मोहावी'ची एक प्रत असली तर तपकिरी सापावर वेगळी नक्षी, आणि दोन असल्या तर जवळजवळ पांढरा, निळ्या डोळ्यांचा साप. पाळणारे या प्रकाराला 'को-डॉम' म्हणतात. शास्त्राच्या भाषेत ही अपूर्ण प्रभाविता आहे, सहप्रभाविता नव्हे. परीक्षेत 'को-डॉम' लिहू नका, विक्रेत्याशी बोलताना मात्र तोच शब्द कानावर पडेल.

'को-डॉम' गुणाचा 'हेट' लपून राहत नाही, तो दिसतोच. 'हेट पास्टल, पण दिसत नाही' असं कुणी सांगत असेल तर त्याला विषय कळलेला नाही, किंवा तुम्हाला कळलेला नाही असं तो धरून चालला आहे.

पायरी ५: चौकट काढा, अंडी मोजा

कागदावर चार घरांची चौकट काढा. वर बापाच्या दोन प्रती, डावीकडे आईच्या दोन. चांगल्या प्रतीला 'न', अल्बिनोच्या प्रतीला 'अ' म्हणू. दोन हेटांची जोडी, म्हणजे न-अ आणि न-अ. चार घरांत येतं:

न-न, न-अ, अ-न, अ-अ.

एक अल्बिनो, तीन नॉर्मल दिसणारे, आणि त्या तिघांतले दोन हेट. म्हणून या जोडीच्या नॉर्मल पिल्लांना '६६ टक्के हेट' म्हणून विकतात. अर्थ एवढाच की तीनात दोन शक्यता आहे. त्या पिल्लात सहासष्ट टक्के जनुक असत नाही, एक तर आहे किंवा नाही. हेट आणि साध्या नॉर्मलची जोडी असेल तर पिल्लं '५० टक्के हेट'. आईबापांपैकी एक अल्बिनो असेल तर प्रत्येक नॉर्मल पिल्लू '१०० टक्के हेट', कारण त्या अल्बिनोकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

आता मोजणी. प्रत्येक अंडं हा नवा छापा-काटा आहे. आधीच्या अंड्यात काय निघालं हे पुढच्या अंड्याला माहीत नसतं. बॉल पायथनची मादी साधारण अर्धा डझन अंडी घालते. दोन हेटांच्या सहा अंड्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता, पाऊणचा सहा वेळा गुणाकार केला की, सुमारे १८ टक्के. म्हणजे साधारण पाच-सहा जोड्यांतल्या एकीच्या वाट्याला निराशा, तीही सगळं खरं असताना.

हाच हिशेब उलटाही चालतो, आणि तो मी स्वतःच्या अनुभवातून शिकले. माझी कॉर्नची जोडी '१०० टक्के हेट अमेल' म्हणून विकत घेतली होती. मादीने चौदा अंडी घातली, चौदाही पिल्लं निरोगी निघाली, आणि चौदाही नॉर्मल. दोघं खरंच हेट असते तर असं होण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी. विक्रेत्याकडे आईबापांचे फोटो मागितले, ते कधीच आले नाहीत. दोघांपैकी एक तरी हेट नव्हता, हे मी मान्य केलं. पण मोठा धडा वेगळाच होता: चौदा पिल्लांना घरं शोधायला मला सात महिने लागले. कॉर्न स्नेक नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. प्रत्येक घरी जाऊन पेटी पाहिली, कुलूप पाहिलं, सुट्टीत कोण बघणार ते विचारलं. घरांची यादी हातात असल्याशिवाय जोडी लावू नये, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. आणि पिल्लं जड झाली म्हणून तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर सोडायची नाहीत, कधीही नाही. परदेशी साप तिथे एक तर उपाशी मरतो, नाहीतर तगून तिथल्या जिवांच्या मुळावर येतो.

'हेट' आहे की नाही हे तपासायचंच असेल तर त्याची जोडी व्हिज्युअलशी लावतात. साप हेट असेल तर प्रत्येक अंड्याला अल्बिनोची निम्मी शक्यता. सात पिल्लं झाली आणि एकही अल्बिनो नाही, तर तो हेट असण्याची आशा सोडून द्यावी: १२८ मध्ये एकदाच असं होतं. परदेशात काही प्रयोगशाळा आता कातीवरून काही ठरावीक जनुकं तपासून देतात. त्यात पिल्लांना जन्म द्यावा लागत नाही, म्हणून मला तो मार्ग कितीतरी चांगला वाटतो.

पायरी ६: जोडनावं सोडवा

कॉर्नमधला 'स्नो' हा पहिला सराव. अमेल आणि अनेरी यांची जोडी लावली तर पहिल्या पिढीत सगळी पिल्लं नॉर्मल. नवखे इथे हिरमुसतात. पण प्रत्येक पिल्लू दोन्ही गुणांचं हेट असतं. त्या भावंडांची पुढची पिढी पुस्तकातल्या ९:३:३:१ प्रमाणात येते: नऊ नॉर्मल, तीन अमेल, तीन अनेरी, आणि एक असा की ज्यात काळंही नाही, लालही नाही. तो स्नो, गुलाबीसर पांढरा. सोळात एक! सहा अंड्यांत तो एकही न येण्याची शक्यता ६८ टक्क्यांच्या आसपास असते. कॉर्नची मादी पायथनपेक्षा बरीच जास्त अंडी घालते, म्हणून तिथे हे जमून जातं.

आता उलट बाजू. साधा अल्बिनो पायथन आणि लॅव्हेंडर अल्बिनो पायथन, दोघांत काळं नाही. जोडी लावली तर पिल्लं? सगळी नॉर्मल. एकाचं टीवायआर बिघडलेलं पण ओसीए-२ धड, दुसऱ्याचं नेमकं उलटं, आणि पिल्लाला दोन्हीची एकेक चांगली प्रत मिळते. दोन साप सारखे दिसले म्हणून त्यांचं जनुक एकच असेल असं नाही, हे याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही. बोआमध्येही 'काल' आणि 'शार्प' अशा दोन अल्बिनो ओळी आहेत, त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

आणि याच्याही उलट: बॉल पायथनमधले 'मोहावी' आणि 'लेसर' (lesser) वेगळे दिसतात, नावं वेगळी, तरी एकेकाची एकेक प्रत आली की निळ्या डोळ्यांचा पांढरा साप निघतो. कारण दोन्ही एकाच जनुकाचे दोन वेगळे बिघाड आहेत. 'कँडी' आणि 'अल्बिनो' यांचंही तसंच, त्यांच्या मिश्रणाला 'कँडिनो' म्हणतात.

'बनाना' या पिवळ्या, जांभळट पायथनची गोष्ट थोडी वाकडी आहे, पण सांगायलाच हवी. हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं आहे. सापांत सगळीकडे पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू पद्धत असते असं मानत असत. पायथन आणि बोआमध्ये मात्र माणसासारखी एक्स-वाय पद्धत आहे, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. या पद्धतीत नराला एक्स आईकडून मिळतो आणि तो पुढे मुलींना जातो, वाय बापाकडून मिळतो आणि तो मुलांना जातो. त्यामुळे बनाना नराला ते जनुक आईकडून मिळालं असेल तर त्याच्या बनाना पिल्लांत बहुतेक माद्या निघतात, बापाकडून मिळालं असेल तर बहुतेक नर. पाळणाऱ्यांनी हा पॅटर्न आपल्या अंड्यांच्या नोंदींवरून वर्षानुवर्षं ओळखला होता, कारण नंतर कळलं. वहीचं महत्त्व मी म्हणते ते यासाठी.

पायरी ७: ही नावं ऐकली की थांबा

इथे मला सौम्य बोलता येणार नाही.

'स्पायडर' बॉल पायथन १९९९ मध्ये पहिल्यांदा पाळीव प्रजननात सिद्ध झाला. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा, दिसायला अप्रतिम. पण त्या जनुकाबरोबर एक दोष हटकून येतो: डोकं हलतं, मान वळते, भक्ष्यावर झडप घालताना नेम चुकतो, कधी साप उलटा होऊन पडतो. पाळणारे याला 'वॉबल' म्हणतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात या सापांच्या आतल्या कानाची, तोल सांभाळणाऱ्या भागाची रचनाच बिघडलेली आढळली. हा दोष एखाद्यात कमी, एखाद्यात जास्त असतो, पण चांगल्या पालनाने तो जात नाही. दोन्ही प्रती स्पायडर असलेली पिल्लं जगत नाहीत, असं प्रजननाच्या आकड्यांवरून दिसतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या सर्पसंघटनेने २०१८ पासून आपल्या प्रदर्शनांत स्पायडर विकायला बंदी केली.

अडचण अशी की स्पायडर दुसऱ्या नावांत लपतो. 'बंबलबी' म्हणजे पास्टल अधिक स्पायडर. 'किलरबी' म्हणजे सुपर पास्टल अधिक स्पायडर. 'हनीबी', 'स्पिनर' यांतही तोच आहे. नावात 'बी' दिसली की विचारा. 'वोमा' आणि 'शॅम्पेन' या प्रकारांतही तोल जाण्याचा दोष दिसतो. 'कॅरॅमल अल्बिनो'त मणक्याला बाक येतो, 'सुपर सिनॅमन'मध्येही मणक्याचे आणि तोंडाच्या आकाराचे दोष दिसतात. दोन लेसरांच्या पांढऱ्या पिल्लांत डोळे बाहेर आलेले असू शकतात. साप वेदना ओरडून सांगत नाही. म्हणून रंगासाठी हे सगळं त्याच्यावर लादायला माझा ठाम विरोध आहे, मग विकणारा 'थोडंसंच हलतं' असं कितीही म्हणो.

विक्रेत्याकडे व्हिडिओ मागा. साप मोकळ्या जमिनीवर पुढे सरकताना आणि भक्ष्य पकडताना दिसला पाहिजे. हातात गुंडाळी करून बसलेल्या सापाच्या फोटोवरून तोलाचा अंदाज येत नाही.

पायरी ८: रंग कायम राहील असं धरू नका

बनानाच्या अंगावर वयाबरोबर काळे ठिपके वाढत जातात. पास्टलचा पिवळा कित्येकदा मातकट होतो. अनेरी कॉर्नच्या गळ्यावर मोठेपणी पिवळसर झाक येते. हिरवा ट्री पायथन तर जन्मतः पिवळा किंवा विटकरी असतो, हिरवा नंतर होतो. म्हणून पिल्लाबरोबर आईबापांचे, पूर्ण वाढ झालेले, फोटो पाहा.

कात टाकण्याआधी काही दिवस कुठलाही साप निस्तेज दिसतो, डोळे दुधाळ निळे होतात. हा रंग नाही आणि आजारही नाही. त्या दिवसांत साप पाहायला गेलात तर परत एकदा जा. फोटोतला रंग बल्बखालचा, ट्यूबलाइटखालचा की मोबाइलने भडक केलेला, हे सांगता येत नाही. शक्यतो दिवसा, खिडकीजवळ पाहा.

अंडी उबवताना उष्णता कमी-जास्त झाली तर नक्षी विस्कटते: ठिपक्यांऐवजी सलग पट्टा, तुटक्या रेषा. दिसायला दुर्मीळ, पण पुढच्या पिढीत उतरत नाही. बॉल पायथनची अंडी साधारण ३१ ते ३२ अंश सेल्सियसवर ठेवतात. पुण्यात उन्हाळ्यात चाळिशी आणि हिवाळ्याच्या पहाटे दहाच्या आसपास पारा, त्यात वीज गेली तर, थर्मोस्टॅट नसलेल्या पेटीत काय होत असेल याचा विचार करा. 'नवीन जनुक' म्हणून कुणी एकच विचित्र पिल्लू दाखवलं, तर त्याची पिल्लं कशी निघाली हे विचारा. तोवर ते फक्त एक वेगळं दिसणारं पिल्लू आहे.

पायरी ९: विचारा, आणि वहीत लिहा

आई कोणती, बाप कोणता, दोघांचे फोटो आहेत का? या जोडीची एकूण अंडी किती, त्यातून काय काय निघालं? हेट म्हणताय ते किती टक्के आणि कशावरून? नावात स्पायडर आहे का? नोंदीचा कागद दाखवाल का? एवढं विचारायला संकोच वाटू देऊ नका. ज्याने मनापासून साप वाढवले आहेत त्याला हे प्रश्न आवडतात, तो वही उघडून बसतो आणि तुम्हाला उशीर होतो.

तुमचीही वही हवी. दोनशे पानी, साधी. प्रत्येक सापाला एक पान: जन्मतारीख, आईबाप, वजन, कधी खाल्लं, कात कधी टाकली. टाकलेली कात सुकवून, कागदी पाकिटात तारीख घालून ठेवा. पुढे कधी तपासणीला पाठवायची झाली तर ती हाताशी असते.

तो विद्यार्थी दोन आठवड्यांनी परत आला, हातात वही. विक्रेत्याने कळवलं होतं: आई नॉर्मल, बाप अल्बिनो. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मॅडम, पिल्लू अल्बिनो आहे म्हणजे आई हेट असणारच. नाहीतर दुसरी प्रत आली कुठून?" मग त्याने विक्रेत्याकडे परिवेशवरच्या नोंदीचा कागद मागितला, आणि त्यानंतर त्या नंबरवरून उत्तर येणं बंद झालं. साप त्याने घेतला नाही. वहीचं पहिलं पान मात्र त्याने फाडलेलं नाही. त्यावर पेन्सिलने चार घरांची चौकट आहे, आणि खाली लिहिलंय: अल्बिनो निम्मे, हेट निम्मे.